पेबल बीच की पॅसिफिक ग्रोव्ह? पुण्याहून मुलांकडे निघालेल्या गोल्फरसाठी

मार्च लागला की येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर राऊंडनंतरच्या चहावर हा प्रश्न हमखास निघतो. उन्हाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला जायचंय, गोल्फची बॅगही न्यायची ठरलीय, तर पेबल बीच खेळावं की शेजारचं पॅसिफिक ग्रोव्ह? दोन्ही मॉन्टेरेच्या समुद्रात घुसलेल्या एकाच टोकावर, सॅन होजेपासून साधारण दीड तासावर. फी भरली की दोन्ही कोणालाही खुले. मी दोन्हीकडे खेळलोय. माझं मत ज्याला त्याला पटेलच असं नाही, पण माझ्यापुरतं ते पक्कं आहे.

आधी हे लक्षात घ्या की दोन्ही कोर्स एकाच घरातले आहेत. पेबल बीच १९१९ मध्ये जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट यांनी आखलं. दहाएक वर्षांनी चँडलर ईगनने त्यात मोठे बदल केले. त्याच ईगनने १९३२ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हचे पहिले नऊ होल आखले, आणि मागचे नऊ १९६० मध्ये नेव्हिलने.

देखाव्यात पेबल बीचला तोड नाही, हे मान्यच. सातवं होल जेमतेम शंभर यार्डांचं, पण वारा समोरून आला की वेज, म्हणजे जवळच्या उंच माऱ्याचा क्लब, म्यानात ठेवावा लागतो. अठराव्याला टीपासून (पहिला फटका मारायची जागा) ग्रीनपर्यंत (खड्ड्याभोवतीची हिरवळ) डाव्या हाताला समुद्र सोबत करतो. माझ्या मते सगळ्यात देखणी आखणी आठव्याची. टीवरून बॉल चढावर टाकायचा, आणि तो पडतो ते पठार टीवरून दिसत नाही. पठार कड्यापाशी संपतं, पुढे समुद्राची घळ आणि पलीकडे छोटंसं ग्रीन. कड्याला जितकं भिडाल तितका दुसरा शॉट सोपा, पण जरा जास्त गेलं की बॉल खाली लाटांत. मागे थांबलात तर घळीवरून लांबलचक मारा. हिंमत नसेल तर डावीकडून वळसा घालून तिसऱ्या शॉटने या. तीन वाटा, आणि प्रत्येकीची किंमत वेगळी.

आणि इथेच माझं घोडं अडलं. अशा होलचा स्वभाव एका भेटीत कळत नाही. आज मागे थांबून बघावं, उद्या कड्यापर्यंत जाऊन बघावं, परवा वारा फिरल्यावर पुन्हा तिसरंच काही, तेव्हा कुठे आखणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते उलगडतं. पण ६०० डॉलरच्या वर फी, म्हणजे आपले ५० हजारांहून जास्त, भरल्यावर उद्या परत कोण येणार? मी कड्यापाशी हातात सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) घेऊन उभा होतो आणि डोक्यात एकच विचार: हा शॉट आयुष्यात एकदाच. मग बॉल मुकाट्याने डावीकडे टाकला. होल मला विचारत होतं एक आणि उत्तर देत होता माझा खिसा. ही रुखरुख राहिली ती राहिलीच.

पॅसिफिक ग्रोव्ह गावाच्या मालकीचं आहे. त्या पैशात इथे चार-पाच राऊंड सहज होतात, आणि संध्याकाळचा दर तर त्याहून कमी. सुरुवात सलग दोन पार-थ्रीने (तीन फटक्यांत संपवायची होल) होते, पहिले नऊ होल घरांच्या आणि झाडांच्या मधून जातात. येरवड्याच्या झाडीत सरळ मारायची सवय असलेल्याला तिथे परकं वाटत नाही. हरणं फेअरवेवर (टी ते ग्रीनमधली कापलेली हिरवळ) निवांत चरत असतात. खरी गंमत मागच्या नऊमध्ये: पॉइंट पिनोसचं १८५५ चं दीपगृह, वाळूच्या टेकड्या, आणि कडेने पसरलेलं आइस प्लांट नावाचं मांसल पानांचं झुडूप. त्यात गेलेला बॉल सापडला तरी बाहेर काढणं महाकठीण. त्यामुळे छोट्या पार-फोरवरही ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढायचा की आयर्नने आखडतं घ्यायचं, याचा रोज नवा हिशेब. सतराव्याला तळ्यावरून मारायचं. काल जपून खेळलो तर आज हात सैल सोडतो, आणि चुकलं तर फक्त बॉल जातो.

उणं आहेच. समुद्र आणि कोर्सच्या मधून रस्ता जातो, आणि लांब मारणाऱ्याला हा कोर्स आखूड वाटेल.

दोन्हीकडे एक पथ्य पाळा. आपलं पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे समुद्रसपाटी आणि जून-जुलैतही धुक्याची गार हवा, त्यामुळे बॉल लवकर पडतो. एक क्लब जास्तच घ्या, म्हणजे नेहमीपेक्षा एक पायरी लांब मारणारा. आणि विंडचीटर विसरू नका.

महिनाभर मुक्काम असेल तर आधी ग्रोव्हच्या दोन-चार संध्याकाळी करा. त्यानंतरही पेबल बीच खुणावत असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर जरूर खेळा, मी आडवा येणार नाही. नुसतं डोळे भरून बघायचं असेल, तर सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह या किनाऱ्यालगतच्या खासगी रस्त्याच्या फाटकावर गाडीचे थोडे डॉलर भरले की पेबल बीचच्या लॉजमागून अठराव्याचं ग्रीन समोरच दिसतं.