आययूआय की आयव्हीएफ: फरक नेमका कुठे आहे?

मूल होण्यात अडचण येणाऱ्या जोडप्यांसाठी आययूआय आणि आयव्हीएफ हे दोन उपचार आहेत. आययूआयमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याच्या सुमारास बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. काही मिनिटांचे काम, भूल लागत नाही आणि खर्चही बेताचा. मात्र पुढचे फलन बीजवाहिनीतच, म्हणजे अंडाशयाकडून गर्भाशयाकडे बीज नेणाऱ्या नळीतच, व्हावे लागते, त्यामुळे अशी निदान एक नळी मोकळी असणे आणि शुक्राणूंची संख्या व हालचाल बऱ्यापैकी असणे अनिवार्य ठरते.

आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन घडवणे, ही अट ओलांडते. साधारण दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन घ्यायचे, अधूनमधून सोनोग्राफी करायची आणि मग भूल देऊन सुईने बीजे बाहेर काढायची. प्रयोगशाळेत शुक्राणूंशी संयोग घडवल्यावर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बीजात दोन केंद्रके शेजारी दिसली, की फलन झाल्याचे कळते. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात ठेवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये याच पद्धतीने बाळ जन्मले.

आपल्याकडे क्षयरोगामुळे दोन्ही नळ्या बंद झालेल्या अनेक स्त्रिया आढळतात. अशा स्त्रीवर आययूआयचे प्रयोग करत राहणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिच्या हातचा वेळ वाया जातो. शिवाय गर्भाशयाच्या अस्तरालाही क्षयाची झळ पोहोचली असेल, तर आयव्हीएफनेही गर्भ रुजणे कठीण जाते, म्हणून अस्तराची तपासणी आधी व्हावी. याउलट तिशीच्या आतील, नळ्या मोकळ्या असलेल्या स्त्रीला थेट आयव्हीएफ सुचवले, तर कारण जरूर विचारावे. वय पस्तिशीपुढे असल्यास मात्र आययूआयमध्ये फार महिने घालवू नयेत.