निळ्या डोळ्यांचं पिल्लू घेताना: हस्की, डाल्मेशियन, मर्ल की पांढरंशुभ्र?

निळ्या डोळ्यांचं पिल्लू घ्यायचं मनात आलं की दोन टोकांचे सल्ले कानावर येतात. एक म्हणतो, निळे डोळे म्हणजे कुत्रं बहिरं निघणार. दुसरा, बहुतेक वेळा विकणाराच, म्हणतो, काही होत नाही हो, हस्की बघा, निम्म्यांचे डोळे निळे असतात आणि हाक मारली की लगेच येतात. दोघंही चूक नाहीत, पण दोघंही अर्धंच सांगतात. कुत्र्याच्या डोळ्यात निळा रंग वेगवेगळ्या कारणांनी येतो. त्यातल्या काही कारणांचा कानाशी घट्ट संबंध आहे, काहींचा अजिबात नाही. म्हणून डोळा कोणत्या रंगाचा आहे हे नंतर बघा. आधी हे विचारा की या पिल्लाच्या डोळ्यात निळा रंग आला कुठून.

थोडं शास्त्र सांगतो, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच उभी आहे. बुबुळात निळं असं रंगद्रव्य नसतंच. मेलॅनिन कमी पडलं की प्रकाश विखुरतो आणि बुबुळ निळं दिसतं. मेलॅनिन बनवणाऱ्या रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूला तयार होतात आणि तिथून त्वचेकडे, डोळ्यांकडे आणि कानाच्या आतल्या भागाकडे सरकत जातात. कानात त्यांचं काम रंगाचं नसतं. आतल्या कानातल्या शंखासारख्या पोकळीत जो द्रव असतो, त्यातलं पोटॅशियमचं प्रमाण राखायला त्या मदत करतात. या पेशी तिथवर पोचल्याच नाहीत, तर तो द्रव सांभाळणारं अस्तर पिल्लू जन्मल्यावर काही आठवड्यांत सुकतं आणि आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी मरतात. पिल्लाचे कान साधारण दोन आठवड्यांनी उघडतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हे नुकसान होऊन गेलेलं असतं. ते भरून येत नाही. थोडक्यात, निळा डोळा बहिरेपणा आणत नाही. रंगपेशी डोळ्यापर्यंत पोचल्या नसतील तर कानापर्यंतही पोचल्या नसतील, अशी शंका घ्यायला तो जागा देतो, एवढंच.

हस्की: निळा डोळा, कानाला धक्का नाही

सायबेरियन हस्कीचा निळा डोळा या भानगडीतून सुटलेला आहे. अमेरिकेतल्या एम्बार्क या कुत्र्यांची डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सहा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास करून 2018 साली त्याचं मूळ शोधलं. कुत्र्याच्या 18 क्रमांकाच्या गुणसूत्रावर एएलएक्स4 नावाच्या जनुकाजवळचा डीएनएच्या सुमारे 98,600 अक्षरांचा तुकडा या कुत्र्यांत दोनदा आलेला असतो. आई किंवा बाप, एकाकडून जरी तो आला तरी डोळे निळे होऊ शकतात, कधी दोन्ही, कधी एकच. अंगावर पांढरं किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही आणि बहिरेपणाशीही नाही. एक डोळा निळा आणि एक तपकिरी असलेला हस्की बघून लोक "या बाजूचा कान गेलाय का?" असं विचारतात. हस्कीच्या बाबतीत ती काळजी सोडून द्या.

हस्की घ्यावा का, हा प्रश्न मात्र वेगळा. दोन थरांची लोकर अंगावर असलेल्या या कुत्र्याला विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना सोसत नाही, आणि चोवीस तास एसीमध्ये कोंडून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. कानासाठी हस्कीला पूर्ण गुण, आपल्या हवेसाठी फार कमी.

डाल्मेशियन: इथे निळा डोळा दिसला की थांबा

बहिरेपणाचा प्रश्न ज्या जातींत सगळ्यात जास्त अभ्यासला गेला, त्यांत डाल्मेशियन सर्वांत पुढे आहे. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॉर्ज स्ट्रेन यांनी अमेरिकेतल्या पाच हजारांहून जास्त डाल्मेशियनच्या चाचण्यांचे आकडे मांडले आहेत. साधारण 22 टक्के कुत्री एका कानाने बहिरी, 8 टक्के दोन्ही कानांनी. दर दहात तीन. ब्रिटनमध्ये हे प्रमाण कमी, एकूण 18 टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. तिथल्या जातीच्या नियमांत निळे डोळे चालत नाहीत, अमेरिकेत चालतात. नॉर्वेतही निळ्या डोळ्यांची कुत्री पैदाशीतून वगळल्यावर बहिरेपणा कमी झाल्याची नोंद आहे.

कारण उघड आहे. डाल्मेशियन मुळात पांढरा कुत्रा आहे. पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात, ठिपके दीड-दोन आठवड्यांनी उमटायला लागतात. रंगपेशी कमी, पांढरेपणा जास्त, आणि हे डोळ्यापर्यंत पोचलं की कानापर्यंतही पोचलं असण्याची शक्यता वाढते.

पण याच जातीत एक विचित्र गोष्ट आहे, तिचा मला खरंच राग येतो. काही पिल्लं जन्मतःच एखादा मोठा काळा चट्टा घेऊन येतात, बहुधा कानावर किंवा डोळ्याभोवती. ठिपका नव्हे, सलग काळा डाग, आणि त्यात एकही पांढरा केस नसतो. असा चट्टा असलेल्या पिल्लांत बहिरेपणा कमी आढळतो, कारण डोक्याच्या भागात रंगपेशी नीट पोचल्याची ती खूण असते. आणि अमेरिकेत असा चट्टा असलेला कुत्रा डॉग शोमधून बाद ठरतो! म्हणजे ज्याचा कान चांगला असण्याची शक्यता जास्त, तोच 'कमी प्रतीचा' म्हणून बाजूला काढायचा. तुम्हाला शोमध्ये उतरवायचं नाही, घरी माणसांत वाढवायचं आहे. तेव्हा ब्रीडरने "या पिल्लाला चट्टा आहे, थोडं कमी करून देतो" असं म्हटलं, तर ते पिल्लू आनंदाने घरी आणा.

आईवडील दोघांना नीट ऐकू येतं, म्हणून पिल्लाला येईलच असं नाही. यात एकाहून जास्त जनुकांचा हात आहे. तरीही दोन्ही पालकांची श्रवणचाचणी झालेली असेल तर धोका बराच कमी होतो. "आई हाक मारली की येते" ही चाचणी नव्हे. एका कानाने बहिरी असलेली कुत्रीही हाक मारली की येते.

मर्ल: पिल्लाकडे नव्हे, आईबापाकडे बघा

मर्ल म्हणजे फिकट रंगावर गडद रंगाचे फाटल्यासारखे चट्टे. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, बॉर्डर कोली, डॅशहुंड आणि ग्रेट डेनमध्ये तो दिसतो. पांढऱ्या अंगावर काळे तुकडे असलेला हार्लेक्विन ग्रेट डेनही मुळात मर्लच असतो, वर आणखी एक जनुक बसलेलं. यांच्या बुबुळात कधी निळ्यामध्ये तपकिरी फाक दिसते, जणू कुणी कडेने रंग सांडला आहे. दिसायला फार सुंदर, आणि हल्ली 'दुर्मिळ रंग' म्हणून त्याचे जास्त पैसे मागितले जातात.

मर्लचं जनुक 2006 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं. ते आईबापांपैकी एकाकडून आलं तर रंग तुकड्यातुकड्यांनी फिका होतो. दोघांकडून आलं तर पिल्लू बरंचसं पांढरं होतं आणि कान-डोळे दोन्ही धोक्यात येतात. स्ट्रेन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 153 मर्ल कुत्र्यांचे निकाल मांडले. एकेरी मर्लमध्ये एका कानाने बहिरी 2.7 टक्के, दोन्ही कानांनी 0.9 टक्के. दुहेरी मर्लमध्ये हेच आकडे 10 आणि 15 टक्के. शिवाय दुहेरी मर्ल पिल्लांचे डोळे कधी खूपच लहान राहतात, कधी बाहुली मध्यभागी नसते, कधी दिसतच नाही.

म्हणजे एकेरी मर्लचा निळा डोळा डाल्मेशियनच्या निळ्या डोळ्याइतका घाबरवणारा नाही. प्रश्न जोडी कुणाची लावली याचा आहे. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरीने चारांत एक पिल्लू दुहेरी मर्ल होतं. ब्रिटनचा केनेल क्लब अशा जोडीच्या पिल्लांची नोंदणीच करत नाही. आपल्याकडे ते विचारायचं काम तुमचं आहे. आई आणि बाप दोघांनाही प्रत्यक्ष बघा. दोन्ही मर्ल असतील तर त्या वेतातलं कुठलंच पिल्लू पैसे देऊन घेऊ नका, चांगलं दिसणारंसुद्धा नाही. त्या पैशावर पुढचं वेत निघतं.

पांढरं कुत्रं: सगळं पांढरं एक नव्हे

पांढऱ्या कुत्र्यांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आपल्याकडे घरोघरी दिसणारा पांढरा स्पिट्झ, ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, त्याचं नाक काळं, ओठ काळे, पापण्यांची कड काळी, डोळे गडद. त्याच्या रंगपेशी जागेवर आहेत, फक्त केसांत गडद रंग उतरत नाही. त्याच्या पांढरेपणाचा कानाशी संबंध नाही.

तमिळनाडूच्या राजापालयमचं तसं नाही. 2005 मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची जी तिकिटं काढली, त्यांत हा दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा शिकारी कुत्रा होता. त्याच्या वेतात निळ्या डोळ्यांची पिल्लं निघतात आणि त्यांतली अनेक बहिरी असतात, हे तिथल्या पाळणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पांढऱ्या बुल टेरियरचंही तेच. त्यांच्यात बहिरेपणा सुमारे 20 टक्के, तर रंगीत बुल टेरियरमध्ये 1 टक्क्याच्या आसपास. एकाच जातीतला हा फरक बघितला की पांढऱ्या रंगाची किंमत कळते.

याला एक अपवाद आहे. 'पांढरा डॉबरमन' म्हणून विकतात त्या कुत्र्याचे डोळे फिकट निळे असतात, पण ऐकू व्यवस्थित येतं. त्याच्या रंगपेशी कानात पोचलेल्या असतात, त्यांना फक्त रंग बनवता येत नाही. त्याला उन्हाचा त्रास होतो आणि त्वचेच्या गाठींचा धोका असतो, म्हणून तो घ्या असं मी म्हणणार नाही. पण कानाचं कारण काढून त्याला नाकारू नका.

पंचेचाळीस दिवसांचा घोळ

आपल्याकडे पिल्लं साधारण पंचेचाळीस दिवसांची झाली की विकायला काढतात. त्या वयात बहुतेक जातींच्या पिल्लांचे डोळे थोडेफार निळसर-राखाडी असतातच. खरा रंग पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. चॉकलेट लॅब्रॅडोरचे निळसर वाटणारे डोळे पुढे मधासारखे घारे होतात, आणि त्या घारेपणाचा बहिरेपणाशी काही संबंध नाही. म्हणजे त्या दिवशी डोळ्याचा रंग ठरायचा असतो, पण कानाचा निकाल मात्र लागून गेलेला असतो. लोक नेमकं उलट करतात. जे ठरलेलं नाही त्याचे जादा पैसे देतात, आणि जे ठरलेलं आहे ते तपासत नाहीत.

तपासायचं कसं? पिल्लू भावंडांत असताना काही कळत नाही. बाकीची धावली की बहिरंही धावतं. त्याला वेगळ्या खोलीत न्या, झोपू द्या. मग त्याला दिसणार नाही अशा बाजूला उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा किंवा शिट्टी घाला. टाळी जवळून वाजवू नका, पाय आपटू नका. हवेची झुळूक आणि जमिनीची थरथर पिल्लाला लगेच जाणवते. कान हलला, डोळा उघडला, मान वळली, तर निदान एका कानाने ऐकू येतंय. चुकीच्या दिशेला वळून शोधत राहिलं, तर एक कान गेल्याची शंका घ्या.

खात्री करायची असेल तर बेअर चाचणी. आपल्याकडे तान्ह्या बाळांची बेरा चाचणी करतात, तीच पद्धत. पिल्लाच्या डोक्याच्या त्वचेखाली बारीक सुया टोचतात, एकेका कानात टक-टक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश पडद्यावर बघतात. ऐकणाऱ्या कानाला चढ-उतारांची रेघ उमटते, बहिऱ्या कानाला सरळ सपाट. पाच-सहा आठवड्यांनंतर एकदा केली की पुरते, कारण हा बहिरेपणा नंतर येणारा नसतो. ही सोय सगळीकडे नाही. तुमच्या पशुवैद्याला विचारा, मोठ्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा. डाल्मेशियन किंवा पांढऱ्या जातीचं पिल्लू घेत असाल तर या चाचणीसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा.

मग घ्यायचं कोणतं?

फक्त कानाचा विचार केला तर माझा क्रम असा: हस्कीचा निळा डोळा निर्धास्त. एकेरी मर्ल, एक पालक मर्ल नसल्याची खात्री झाली तर, चालेल. निळ्या डोळ्यांचा डाल्मेशियन चाचणीशिवाय नको. गुलाबी नाकाचं, निळ्या डोळ्यांचं पांढरं पिल्लूही चाचणीशिवाय नको. दोन मर्लच्या जोडीचं पिल्लू विकत तर नकोच. ते निवाऱ्यातून दत्तक घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि घेणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

एका कानाने बहिरं निघालं म्हणून पिल्लू परत करू नका. ते घरात छान राहतं, शिकवलेलं शिकतं. फक्त आवाज कुठून येतो ते त्याला कळत नाही, म्हणून रस्त्यावर पट्ट्याशिवाय सोडायचं नाही, आणि त्याची पैदास करायची नाही. दोन्ही कानांनी बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा शिकवतात: तळहात खाली म्हणजे बस, अंगठा वर म्हणजे शाब्बास. विजेचा झटका देणारा पट्टा नको, हलकी थरथर देणारा मिळतो, तो चालतो. झोपेतून उठवताना घरातल्या लहान मुलांना एक गोष्ट पक्की सांगा. एकदम अंगावर हात टाकायचा नाही, आधी नाकासमोर हात धरायचा, वास येऊ द्यायचा, मग खांद्याला हळूच स्पर्श.

आणि मोठ्या कुत्र्याचा तपकिरी डोळा अचानक निळसर-पांढरट दिसायला लागला, तर तो या सगळ्यातला प्रकार नव्हे. गोचीड-ताप, काचबिंदू, डोळ्याच्या आत आलेली सूज, यांतलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.