गावच्या घराला अलार्म: सेलचा बझर, तारेचं पॅनेल की बिनतारी किट?

दिवाळीनंतर कापूस घरात येतो. भाव चढेल या आशेने तो माजघरात छतापर्यंत रचला जातो, आणि लगेच लग्नसराई लागली की तेच घर कुलूप लावून दोन-दोन दिवस सोडावं लागतं. अलार्मची चौकशी बहुतेक तेव्हाच सुरू होते. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेन्सर किती? त्याआधी दोन गोष्टी ठरवा. लाईन गेल्यावर यंत्र किती तास चालणार आणि वाजलं तर ऐकणार कोण? तिन्ही पर्यायांतला खरा फरक इथे आहे.

सेलवरचा बझर

दाराच्या चौकटीला रीड स्विच (चुंबक जवळ आहे की दूर गेलं हे ओळखणारा छोटा स्विच) आणि पल्ल्याला चुंबक, बस. दार उघडलं की कर्कश आवाज. शे-दोनशे रुपयांचं काम. याला वीजजोडणी नाही आणि रेडिओलहरीही नाहीत, म्हणून परवानगीचाही प्रश्न येत नाही. घरात माणसं झोपलेली असताना मागच्या दाराला हा पुरेसा आहे. घर बंद असेल तर मात्र फारसा कामाचा नाही, कारण आत शिरणारा तो उपटून खिशात घालतो. सेल उतरल्याचंही तो सांगत नाही.

तारेचं पॅनेल

पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडले जातात ती मुख्य पेटी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद लेड-ॲसिड बॅटरी, दारांचे चुंबकी सेन्सर, एक-दोन पीआयआर (अंगाची उष्णता टिपणारे हालचालीचे सेन्सर), हुटर म्हणजे भोंगा, आणि सिमवरून फोन लावणारा डायलर. स्वतःचं, पक्कं ठिकाण असलेल्या घराला आमची पहिली पसंती हीच.

बॅटरीचा हिशोब असा. पॅनेल साधारण १०० मिलिअँपिअर, दोन पीआयआर ३०, डायलर ५०. म्हणजे १८० धरा. ७ भागिले ०.१८ केलं तर ३९ तास येतात. बॅटरी कधीच पूर्ण वापरता येत नाही, म्हणून ७० टक्के धरून २७ तास. एक रात्र आणि एक दिवस निघतो. पण पॅनेल टिनाच्या पत्र्याखाली लावलं तर हा हिशोब वर्षभरात कोसळतो, कारण तापमान दर १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. भिंतीवर, छतापासून दोन-तीन फूट खाली, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ती असावी. चार्जिंगचा व्होल्टेज २५ अंशांना १३.५ ते १३.८ ठीक. विदर्भाच्या मे महिन्यात तो साधारण १३.३ पर्यंत उतरवा, नाहीतर बॅटरी फुगते.

तारेत सगळ्यात जास्त चूक हुटरकडे होते. सेन्सरची बारीक तार ०.२२ चौरस मिलिमीटरची असते, आणि तीच ३० मीटरवरच्या कोठ्यापर्यंत ओढून हुटर जोडतात. जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध जवळपास पावणेपाच ओहम. एक अँपिअर घेणाऱ्या हुटरला मग १२ ऐवजी सातच व्होल्ट पोहोचतात, आणि तो रडल्यासारखा वाजतो. तिथे ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची तार घाला. घट दीड व्होल्टच्या आत राहते. कोठ्याकडे जाणारी तार डोक्यावरून लोंबवू नका. जूनमधली वीज जवळ कडाडली तरी अशा लांब तारेतून पॅनेलचा बोर्ड जळतो. पाइपात घालून जमिनीतून न्या, म्हणजे वानरं आणि उंदीर यांचाही त्रास कमी होईल.

सेन्सर ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडा (दार बंद असताना सर्किट जोडलेलं), म्हणजे तार तोडली तरी अलार्म होईल. तारेच्या शेवटी लागणारा रेझिस्टर (त्यावरून पॅनेल तार शाबूत आहे का ते ओळखतं) पॅनेलच्या टर्मिनलवर नाही, सर्वांत दूरच्या सेन्सरपाशी बसवायचा; किती ओहमचा ते पॅनेलच्या पुस्तिकेत असतं. पॅनेलपाशीच बसवला की जोडणी सोपी होते, पण मधली तार कोणी शॉर्ट केली तर पॅनेलला पत्ताच लागत नाही. सागवानी दार पावसाळ्यात फुगतं आणि चुंबकाचं अंतर बदलतं. साध्या सेन्सरला १५ ते २० मिलिमीटर चालतं, लोखंडी दारावर त्याच्या निम्मंच धरा. शटरला मोठ्या अंतराचा, धातूच्या आवरणातला सेन्सरच लागतो.

पीआयआरबद्दल दुकानात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तो माणूस पाहत नाही. अंगाची उष्णता आणि मागची भिंत यांतला फरक पाहतो. मे महिन्यात सांजेपासून मध्यरात्रीपर्यंत बंद खोलीची भिंत ३३ ते ३७ अंशांवर असते, म्हणजे माणसाच्या कातडीइतकीच. तेव्हा तो जवळजवळ आंधळा होतो. कवेलूच्या घरात तर चोर दाराने न येता कवेलू काढून उतरतो, त्यामुळे फक्त दाराच्या सेन्सरवर भागत नाही आणि पीआयआर टाळताही येत नाही. तो माजघरात सुमारे सात फुटांवर बसवा आणि उन्हाळ्यात संवेदनक्षमता वाढवा. मांजर आत येत असेल तर खोट्या हाका थोड्या सोसाव्या लागतील.

बिनतारी किट

भिंत फोडायला नको आणि तासाभरात बसतं. भाड्याच्या घराला किंवा नुकत्याच रंगवलेल्या स्लॅबच्या घराला हेच सोयीचं. पण स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झच्या किटमध्ये सेन्सरचा कोड कायम एकच असतो. तो पकडून पुन्हा सोडता येतो. शिवाय एखाद्या सेन्सरचा सेल संपला तर पॅनेलला ते कळत नाही. मातीच्या दोन फुटी भिंती आणि वरून टिन असेल तर खोक्यावर छापलेल्या १०० मीटरचे प्रत्यक्षात दोन खोल्या उरतात. घ्यायचंच तर बदलता कोड असलेलं आणि दर काही तासांनी सेन्सरची हजेरी घेणारं घ्या. वाय-फायवर चालणारं किट असेल तर राउटरलाही वेगळी बॅटरी लागते. लाईन गेली की फोनवरची सूचना तिथेच संपते.

कायद्याची बाजू याच पर्यायात सगळ्यात जड आहे. भारतात बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची (बिनतारी लहरींचं नियोजन करणारी) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता लागते. विक्रेत्याकडून ईटीए क्रमांक घ्या आणि तो बिलावर लिहून घ्या. परवान्याशिवाय चालणाऱ्या पट्ट्यांपैकी एक आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. युरोपातले बरेच सेन्सर ८६८ च्या थोडे वर चालतात, म्हणजे त्या पट्ट्याबाहेर. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेलं ९०८ मेगाहर्ट्झचं यंत्र तर आपल्या मोबाइलच्या लहरींमध्येच बोलतं. ते लावू नका.

फोन, हुटर आणि ११२

अनेक डायलर फक्त २जी वर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. म्हणून सिम डायलरमध्ये घालण्याआधी ते २जीच्या साध्या बटनांच्या फोनमध्ये घाला, जिथे पॅनेल बसणार आहे तिथेच, दार लावून, आणि फोन करून पाहा. सिम घरधन्याच्या नावावर हवं, बसवणाऱ्याच्या नव्हे. रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा; प्लॅन संपला की डायलर मुका होतो.

डायलरमध्ये ११२ टाकू नका. खोटी हाक वारंवार गेली तर खऱ्या वेळी अडचण होते. पहिला नंबर शेजाऱ्याचा, दुसरा भावाचा, तिसरा पोलीस पाटलांचा, अर्थात त्यांना विचारूनच. कोणी तरी पाहून खात्री केली की ११२ माणसाने लावावा.

हुटरला वेळेची मर्यादा हवी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ आहे. हुटर एका मीटरवर शंभराच्या वर जातो. तीन ते पाच मिनिटांनी आपोआप बंद होईल असं लावा. तीन मिनिटांत शेजारी उठला नाही तर तो तासभर वाजवूनही उठणार नाही.

२३० व्होल्टची बाजू

१२ व्होल्टची तार हौशी माणूस ओढू शकतो. मीटरच्या पेटीपासूनचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अलार्मला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी द्या. पाण्याची मोटार आणि अलार्म एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) असले की पावसाळ्यात मोटारीची गळती तो पाडते. अलार्म गुपचूप बॅटरीवर जातो आणि दुसऱ्या दिवशी मरतो. अलार्मला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र) हा त्यावरचा साधा उपाय.

गावात अर्थिंग नसेल तर काही जण पॅनेलच्या लोखंडी पेटीचा अर्थ न्यूट्रलला जोडतात. हे जीवघेणं आहे: डीपीकडून (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा न्यूट्रल तुटला की त्या पेटीत करंट येतो. स्वतंत्र अर्थिंग खड्डा करा किंवा प्लास्टिकची पेटी घ्या. न्यूट्रल तुटल्यावर सिंगल फेजवर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, म्हणून ओव्हरव्होल्टेज कटऑफ बसवा. अडॅप्टरवर आयएसआयचं किंवा बीआयएस नोंदणीचं चिन्ह आणि क्रमांक पाहून घ्या.

ग्रिलमध्ये किंवा शटरमध्ये थेट करंट सोडणं हा अलार्म नव्हेच. रानडुकरांसाठी वावराच्या कुंपणात सोडलेल्या करंटने विदर्भात माणसं आणि वाघ दोन्ही मेले आहेत. माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. चोर होता ही सबब चालत नाही. बॅटरीवरचं झटका मशीन कुंपणासाठी ठीक, घराच्या दाराला नाही.

वावरातलं घर

इथे हुटर ऐकायला कोणी नाही आणि शेतीच्या फिडरवर लाईन आळीपाळीने येते. तारेचं पॅनेलच घ्या, पण सौर पॅनेलवर. वरच्याच १८० मिलिअँपिअरने दिवसाचा खप ४.३ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ५२ वॅट-तास. २० वॅटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात चार तासांत, तोटा वजा जाता, ५६ देतं, अगदी काठावर. आषाढ-श्रावणात भागवायचं असेल तर ४० वॅट आणि १८ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. हुटर लहान चालेल, डायलर चांगला हवा.

बसवणाऱ्याचे पैसे देण्याआधी, कुठलाही पर्याय असो, संध्याकाळी मेन स्विच पाडून ठेवा. सकाळी दार उघडून पाहा. हुटर पूर्ण आवाजात वाजला आणि शेजाऱ्याचा फोन खणखणला तरच उरलेली रक्कम द्या.