गृहकर्जाचा हप्ता झेपेना : सांगलीतल्या एका नागरी बँकेची पुनर्रचना सेवा कशी आहे

ऐपतीपेक्षा जास्त कर्ज काढलेल्यांना सवलत द्यावी का? मुद्दल माफ करायला आमचा विरोध आहे, कारण पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्यावर तो अन्याय होईल. वाढीव मुदत आणि खरा हिशोब मात्र मिळालाच पाहिजे. उत्पन्न नीट न तपासता कर्ज मंजूर करणाराही तितकाच चुकलेला असतो. या कसोटीवर या बँकेच्या पुनर्रचना सेवेला, म्हणजे हप्ता आणि मुदत नव्याने ठरवून देण्याच्या सोयीला, पाचपैकी तीन गुण.

कागद मोजकेच मागतात : सहा महिन्यांचा खातेउतारा, तीन पगारपत्रकं, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि अडचणीचं लेखी कारण. शिक्क्याची पोच लगेच मिळते. ती जपून ठेवा.

गुण गेले ते हिशोबात. काउंटरवर एकच उपाय सांगतात, मुदत वाढवा. 25 लाख, 20 वर्षं, 7 टक्के दर असेल तर हप्ता 19,382. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. त्यामुळे असं नवं कर्ज 9.5 टक्क्यांवर पोचलं, तर महिन्याचं नुसतं व्याजच 19,792 होतं. जुना हप्ता तेवढाही पुरत नाही, मुद्दल उलट वाढतं. 20 वर्षांतच फेडायचं तर हप्ता 23,303 हवा. 30 वर्षं केली तर 21,021. महिन्याला 2,282 वाचतात, पण एकूण पावणेवीस लाख जास्त जातात! हा आकडा सहीच्या आधी कर्जदारासमोर ठेवायला हवा, तो इथे ठेवत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं, दोन्ही थोडं थोडं करणं, मुदतपूर्व रक्कम भरणं हे पर्याय द्यावे लागतात. स्थिर दरावर जाण्याचा पर्याय मात्र ऑक्टोबर 2025 पासून बँकेच्या मर्जीवर आहे. अर्जात त्या परिपत्रकाचा उल्लेख करा आणि प्रत्येक पर्यायाचा हप्ता लेखी मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. पतसंस्थेच्या कर्जाला ही सोय नाही.

अर्ज थकबाकी 90 दिवसांची होण्याआधीच द्या. त्यानंतर खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत जातं आणि कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येऊ शकते. नोटिशीवर लेखी हरकत घेतली की बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झालीच, तर पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. पुनर्रचनेची नोंद सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात दिसते, हे आधीच धरून चला.

बेदाण्याचे, हळदीचे पैसे हंगामात हातात येतात. तेव्हा मुद्दलात भरा. घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. मात्र भरताना 'मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा' असं लेखी द्या. दिलं नाही, तर इथे हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात आणि दरमहाची ओढाताण तशीच राहते.