रासायनिक हल्ल्यातल्या मुलांची शुश्रूषा, नागपुरातली कार्यशाळा: धुण्याचा सराव उत्तम, ॲट्रोपिनचा हिशोब अर्धवट

परिचारिकांच्या या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा विषय लांबचा वाटेल. पण सरीनसारखा नर्व्ह एजंट, म्हणजे नसांवर मारा करणारं रासायनिक अस्त्र, आणि कपाशीवर फवारायचं ऑर्गॅनोफॉस्फरस औषध, दोन्ही कोलिनेस्टरेज हे नसांचे संदेश आवरणारं एन्झाइमच बंद पाडतात. डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या, गळणारी लाळ, छातीतली घरघर विदर्भातल्या सिस्टरांनी या फवारणीच्या विषबाधेत, म्हणजे ओपी पॉयझनिंगमध्ये, पाहिलेली असते. शिकवणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच केली, हे फार बरं झालं.

पहिला दिवस अंगावरचं विष धुण्याचा, आणि तोच खरा कमावलेला. कपडे डोक्यावरून काढायचे नाहीत. कपड्याचा भिजलेला गळा नाकातोंडावरून जातो. कात्रीनं समोरून कापायचे, एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधायचे. बरंचसं विष कपड्यांबरोबरच निघतं. मग साधा साबण, भरपूर पाणी, हलकी धार. अंगाला ब्लीच अजिबात नाही. साबण लागलेलं तान्हं बाळ जाड ग्लोव्हजमधून हमखास निसटतं, म्हणून ते हातावर न धरता जाळीच्या प्लास्टिक टोपलीत ठेवायचं. एकीनं धुवायचं, दुसरीनं फक्त श्वासाकडे पाहायचं. आईला सोबतच धुवायचं, दोघांना एकच नंबर बांधायचा.

पाणी सुमारे ३८ अंश हवं. डिसेंबरात थंड पाण्यानं बाळ गारठतं हे सांगितलं. पण मे महिन्यात नागपुरातल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, त्याचा उल्लेखच नाही. थर्मामीटर लावल्याशिवाय नळ सोडू नये.

जैविक हल्ल्याचा भाग अर्ध्या तासात उरकला. रुग्णांना वेगळं ठेवण्यापुरता, म्हणजे आयसोलेशनपुरता, ठीक.

निराशा झाली ती औषधांच्या सत्रात. या विषावरचा उतारा ॲट्रोपिन, वजनाच्या दर किलोला ०.०५ मिलिग्रॅम, छाती मोकळी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी दुप्पट, एवढं स्लाइडवर होतं. औषधांच्या ट्रॉलीत साठा किती लागेल, याचा हिशोब कुणी मांडला नाही. १० किलोच्या मुलाला ०.५, मग १, मग २ मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या १० मिनिटांतच ३.५ मिलिग्रॅम. ०.६ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूल असतील तर जवळजवळ ६ फुटल्या. चौथ्या डोसला आणखी ७ लागतील. एका मुलाला इतक्या, तर चार मुलं एकदम आली तर इमर्जन्सी ट्रेमधला साठा कितीसा पुरणार? कॅज्युअल्टी आणि बालरोग वॉर्डच्या सिस्टरांनी कार्यशाळा जरूर करावी, पण आधी आपली ट्रॉली मोजून यावं. आणि बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून ॲट्रोपिन थांबवायचं नसतं, स्टेथोस्कोप छातीवरच ठेवायचा, हे प्रश्नोत्तरांत नव्हे, पहिल्या स्लाइडवर हवं होतं.