महालातल्या वाड्याची तपासणी : पाहणी चोख, अहवाल अर्धवट

नागपूरच्या महाल-इतवारीतला वाडा विकायला निघाला की त्याला 'भोसलेकालीन' म्हटलं जातंच. म्हणजे वाडा १८५३ च्या आधीचा, भोसल्यांचं राज्य खालसा होण्यापूर्वीचा. हा दावा तपासून देणाऱ्या एका स्थानिक सेवेने एका दुमजली सागवानी वाड्यावर केलेल्या कामाचं हे परीक्षण.

पाहणी पैकीच्या पैकी गुणांची. खिडक्या लावून टॉर्च लाकडालगत आडवा धरला, उजेड पृष्ठभागाला चाटून गेला की हत्याराच्या खुणा उठून दिसतात. वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव उथळ, वेडेवाकडे. दोघांनी ओढलेल्या आऱ्याच्या रेघा सरळ, पण अंतर कमीजास्त. आरामशीनच्या गोल पात्याच्या रेघा कमानीसारख्या. दर्शनी बाजूवर रंधा फिरलेला असतो, म्हणून तुळयांची वरची आणि भिंतीकडची बाजू पाहिली. हेच बरोबर.

खिळे पाहिले तेही नीट. चौकोनी, निमुळता, ठोकून डोकं काढलेला खिळा हातघडणीचा. गोल तारखिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. मात्र खिळ्यावरून तो ज्यात मारला त्या डागडुजीचं वय कळतं, घराचं नाही, हे त्यांनी अहवालात लिहिलंय.

किडीच्या भोकांची तपासणी सगळ्यात आवडली. सागाच्या गाभ्याला घुण सहसा लागत नाही, तो बाहेरच्या पांढऱ्या भागात शिरतो. गाभ्यावर सगळीकडे सारखी भोकं दिसली तर बारीक तार घालून पाहावी. किडीचं बीळ वळतं, तार अडते. ड्रिलच्या भोकात ती थेट तळाला जाते. इथे तार अडली. चिराही पाहिल्या: जुन्या चिरेच्या कडा बोथट आणि आत धूळ, ताजी चीर आतून उजळ.

आता चूक. ओसरीच्या तीन खांबांवर अशा उंचीला रिकाम्या खाचा आहेत जिथे कुठलीच तुळई येत नाही. म्हणजे हे खांब आधी दुसऱ्या इमारतीत उभे होते. पाडलेल्या वाड्याचं सागवान नव्या बांधकामात लावायची रीतच आहे. वरच्या मजल्याच्या वाशांवर कमानीच्या रेघा आहेत आणि मंगलोरी कौलांच्या, सुमारे फुटाफुटावरच्या पट्ट्यांच्याच खिळ्यांची भोकं आहेत. आधीच्या देशी कवेलूंची (गावठी कौलांची) एकही खूण नाही. मंगलोरी कौलांचा कारखाना मंगलोरला १८६५ साली निघाला आणि रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली. म्हणजे वरचा मजला नंतरचाच. ही निरीक्षणं आतल्या पानांवर आहेत, तरी पहिल्या पानावर सबंध वाडा '१८५३ पूर्वीचा' ठरवलाय. विकणारा दाखवणार पहिलंच पान.

दुसरं, कार्बन चाचणीची शिफारस. या कामाला ती जवळजवळ निरुपयोगी. १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाला ती एकाऐवजी अनेक शक्यता देते, आणि खोडाच्या मध्याचं लाकूड झाड तोडण्याच्या कितीतरी आधी वाढलेलं असतं. सागाला वर्षाची वळी पडतात, त्यामुळे वळी मोजणं जास्त उपयोगी. पण सालीलगतचं शेवटचं वळं शिल्लक नसेल तर 'या सालानंतर कधीतरी तोडलं' एवढंच कळतं. ताशीव खांबात ते बहुधा उरत नाही.

आखीव पत्रिकेला त्यांनी वयाचा पुरावा मानलं नाही, हे योग्य. ती मालकी हक्काची नोंद आहे. नगर भूमापनाच्या जुन्या नकाशावरची इमारतीची बाह्यरेषा मात्र जुळवायला हवी होती.

तपासणी करून घ्यायची तर याच लोकांना बोलवा, पण ठरवतानाच लिहून घ्या: खांब, तुळया, वासे, छप्पर, दारं यांचा काळ वेगवेगळा, प्रत्येकापुढे पुरावा आणि फोटो, आणि हा तक्ता पहिल्या पानावर. उरलेले पैसे तो हातात आल्यावर.