साडेअठरा इंची एलसीडी मॉनिटर: डीटीपीच्या टेबलावरून

परभणीतल्या आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवून देण्याच्या दुकानात लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे चालतात. या कामांसाठी १७ इंची सीआरटी (जुन्या टीव्हीसारखे, काचेच्या नळीचे) मॉनिटर काढून त्यांच्या जागी एलईडी बॅकलाइट असलेले साडेअठरा इंची एलसीडी मॉनिटर बसवले. अक्षरे आणि वीज या दोन्ही बाबतींत हा बदल निःसंशय फायद्याचा ठरला. रंगाच्या बाबतीत मात्र अशा स्वस्त मॉनिटरवर भिस्त ठेवता येत नाही, आणि विक्रेते ही बाजू सहसा आपणहून सांगत नाहीत.

आधी अक्षरांविषयी. सीआरटीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरच्या चमकणाऱ्या लेपावर पडून प्रकाश उमटतो, त्यामुळे ठिपक्यांच्या कडा किंचित पसरट असतात आणि मॉनिटर जुना होत जातो तसा फोकस, विशेषतः कोपऱ्यांतला, ढिला पडतो. इंग्रजी मजकुराचे त्याने फारसे अडत नाही. देवनागरीत शिरोरेघेच्या वर एवढ्याशा जागेत वेलांटी, रफार आणि अनुस्वार दाटीने बसलेले असतात. ‘मूर्तींच्या’ हा शब्द दहा पॉइंटात टाइप केला, तर त्यावर अनुस्वार पडला आहे की नाही, हे पाहण्यासाठी जुन्या पडद्यावर प्रत्येक वेळी झूम करावे लागे. ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार सुटला, तर मुलीकडची मंडळी छापून झालेला गठ्ठा परत आणून टेबलावर ठेवतात; तेव्हा हा प्रश्न केवळ डोळ्यांच्या सोयीचा नाही. एलसीडीत प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली असल्याने तोच अनुस्वार वेलांटीपासून सुटा आणि ठसठशीत दिसतो, आणि निम्मे प्रूफ पडद्यावरच वाचून होते. ट्यूबलाइटखाली ६० हर्ट्झवर लावलेल्या सीआरटीची जी थरथर संध्याकाळपर्यंत डोके उठवत असे, तीही येथे नाही.

हे नेमकेपण मात्र मॉनिटरच्या मूळ रेझोल्यूशनवर, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या १३६६ × ७६८ या संख्येवरच मिळते. जुन्या सवयीने १०२४ × ७६८ ठेवले, तर चित्र आडवे ताणले जाते, गणपतीचे चित्र उगाच रुंद दिसू लागते आणि अक्षरे धुरकट होतात. नवा मॉनिटर घेऊन तो असाच चालवणारी दुकाने मी पाहिली आहेत. जुन्या मदरबोर्डावर १३६६ × ७६८ हा पर्याय मिळेलच असे नाही, म्हणून खरेदीपूर्वी तपासून घ्यावे. विंडोज एक्सपीत क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा सफाईदार दाखवणारी सोय) मुळात बंद असते, तेही चालू करावे. व्हीजीए केबल वापरत असाल, तर चित्र जुळवून घेणारे मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण एकदा दाबणे आवश्यक आहे.

आकाराच्या आकड्याला भुलण्यात अर्थ नाही. १७ इंची सीआरटीचा दिसणारा भाग १६ इंचांच्या आसपास आणि त्याची उंची साडेनऊ इंचांहून थोडी अधिक असते. साडेअठरा इंची रुंद पडद्याची उंची जेमतेम नऊ इंच भरते. ए-४ आकाराचे उभे पान त्यामुळे पूर्वीपेक्षा लहानच दिसते. दोन पाने शेजारी-शेजारी मांडायची असतील, तरच रुंदीचा उपयोग होतो.

विजेचा हिशेब मराठवाड्यात वेगळा मांडावा लागतो. जुना मॉनिटर ७० ते ८० वॅट घेत असे, नवा २० वॅटच्या आसपास घेतो. बिलातल्या बचतीपेक्षा भारनियमनात यूपीएस किती वेळ तग धरतो, हे आम्हाला महत्त्वाचे आहे आणि तेथे फरक स्पष्ट जाणवतो. सीआरटी चालू करताना पडद्यातले चुंबकत्व घालवणारी डीगॉस कॉइल क्षणभर इतका करंट ओढते, की बॅटरी थकलेला यूपीएस कधी कधी तिथेच मान टाकत असे. शिवाय मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना अरुंद गाळ्यात प्रत्येक सीआरटीची धग सोसावी लागे, तीही गेली.

आता रंग. पत्रिका ठरवायला आलेली मंडळी खुर्चीत बसत नाहीत. ती ऑपरेटरच्या पाठीमागे उभी राहून पडद्याकडे वरून पाहतात. या मॉनिटरमधला टीएन पॅनल (एलसीडी पडद्याचा स्वस्त प्रकार) वरून पाहिला की फिकट आणि खालून पाहिला की काळवंडलेला दिसतो. परिणामी ऑपरेटरला कुंकवासारखा दिसणारा लाल रंग मागे उभ्या असलेल्या मामांना विटका वाटतो, आणि ते ‘जरा गडद करा’ म्हणत राहतात. त्यांचे ऐकून रंग वाढवला, तर छपाईत तो तपकिरीकडे झुकतो. सीआरटीत हा दोष जवळजवळ नव्हता, आणि केशरीतून पिवळ्याकडे जाणारी छटाही त्यावर अधिक सलग दिसे; येथे तिच्यात पट्टे दिसतात. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमध्ये हे बरेच कमी होते, पण तो महाग पडतो. फोटो आणि फ्लेक्सचे काम मोठे असेल, तर एका टेबलापुरता तरी तो घ्यावा. इतरांनी पडदा किंचित वर कलवून ठेवावा आणि रंगावर सही छापील प्रूफ पाहूनच घ्यावी.

खरेदी करताना पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा करून मृत (रंग न बदलणारा) ठिपका नाही ना, हे बिल होण्यापूर्वीच पाहावे, कारण एक-दोन ठिपक्यांसाठी अनेक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत. सीआरटी बिघडला तर गावातला टीव्ही मेकॅनिक तो उघडून बसे. एलसीडीचा पॅनल फुटला, तर दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळपास जातो.

काढलेले सीआरटी भंगारवाल्याकडे देऊ नयेत. आतल्या तांब्यासाठी तेथे काच फोडली जाते, आणि त्या काचेत शिसे असते. मॉनिटर बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा भार काही काळ टिकून राहतो, तो वेगळाच. १ मे २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी जुनी उपकरणे गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती; पुढे हे नियम बदलले. तेव्हा नव्याचा भाव ठरवतानाच जुने कोण नेणार, हे विक्रेत्याशी पक्के करून घ्यावे.